खाऱ्या वाऱ्यात पावडरच्या पंपाची कसोटी

प्रतिनिधी

दिघी (जि. रायगड) : केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी देशातील बारा नव्या औद्योगिक नगरांना मंजुरी दिली. त्या यादीत महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले नाव दिघीचे होते. ६,०५६ एकर जमीन, ५,४६९ कोटी रुपयांचा प्रकल्प खर्च आणि एक लाखाहून अधिक रोजगारांची अपेक्षा, अशी आकडेवारी त्या वेळी जाहीर झाली. आकडे मोठे आहेत आणि त्यांवर बरीच चर्चाही झाली आहे. परंतु या जमिनीवर जे कारखाने उभे राहतील त्यांतला माल या किनाऱ्याच्या हवेत किती वर्षे टिकेल, या साध्या प्रश्नाची चर्चा मात्र फारशी झालेली नाही. या प्रश्नाचा माग काढत गेल्यास तो हाताच्या पंजाएवढ्या एका उपकरणापाशी येऊन थांबतो. ते उपकरण म्हणजे रंगाची पावडर वाहून नेणारा पंप.

दिघी हे नाव बंदराचे; औद्योगिक क्षेत्र मात्र बंदरापासून बरेच आत, माणगाव, रोहा आणि तळा तालुक्यांच्या परिसरात नियोजित आहे. सुरुवातीचा आराखडा याहून कितीतरी मोठा होता आणि तेथील शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला होता, हे रायगडच्या वाचकांना सांगावयास नको. राजपुरी खाडीच्या मुखाशी, जंजिऱ्याच्या समोर असलेले बंदरही स्थिर नव्हते. त्याच्या विकासक कंपनीवर २०१८ मध्ये दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अदानी समूहाच्या बंदर कंपनीने ७०५ कोटी रुपयांना ते घेतले. या सगळ्या उलथापालथीत एक व्यवहार मात्र या पट्ट्याने शिकून घेतला. तो म्हणजे पोलादाच्या गुंडाळ्यांचा. माणगाव तालुक्यातील विळे-भागाड येथे कोरियाच्या पॉस्को कंपनीचा जस्तलेपित पत्रा बनविणारा कारखाना २०१२ पासून सुरू आहे आणि त्याच्या कच्च्या मालासाठी दिघी बंदराचा उपयोग होत आला आहे.

जेथे पत्रा मिळतो तेथे पत्रा कापणारे, वाकविणारे आणि रंगविणारे छोटे कारखाने येतात, असा चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज या सर्व ठिकाणचा अनुभव आहे. विजेच्या पॅनेलच्या पेट्या, कपाटे, खिडक्यांच्या चौकटी, पंख्यांची पाती, दुचाकींचे भाग यांवरचा रंग आता बहुतांशी पावडरचाच असतो. (निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगर भागात घराघरांवर चढलेला रंगीत पत्रा हा त्यातला नव्हे, त्यावर कारखान्यातच पातळ रंगाचा थर दिलेला असतो. पावडर कोटिंग म्हटले की अनेकांना तोच पत्रा आठवतो, म्हणून हा खुलासा.) दिघीच्या भूखंडांवर या साखळीचा शेवटचा दुवा म्हणून पावडर कोटिंगचे कारखाने येणार, असा अंदाज बांधण्यास कोणा ज्योतिषाची गरज नाही.

साठ मायक्रॉनचा हिशेब

पावडर कोटिंगची पद्धत वरकरणी सोपी आहे. रेझिन, रंगद्रव्य आणि घट्ट करणारा घटक एकत्र वितळवून, थंड करून, दळून बारीक पावडर करतात. ही पावडर हवेबरोबर गनपर्यंत नेली जाते. गनच्या टोकाशी एक लाख व्होल्टपर्यंतचा विद्युतदाब असतो. त्याने भारित झालेले कण भूसंपर्क दिलेल्या लोखंडी वस्तूकडे ओढले जातात आणि तिला चिकटतात. नंतर ही वस्तू साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीतून नेली की कण वितळून एकसंध लेप तयार होतो. पातळ रंगासारखा यात थिनर उडून जात नाही, खाली पडलेली पावडर गोळा करून पुन्हा वापरता येते, त्यामुळे प्रदूषणही कमी. १९५० च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर यांनी तापवलेली वस्तू तरंगत्या पावडरीत बुडविण्याची पद्धत शोधली. १९६० च्या दशकात विद्युतभाराची गन आली आणि हा व्यवसाय जगभर पसरला.

लेपाची जाडी बहुधा ६० ते ८० मायक्रॉन, म्हणजे ढोबळमानाने माणसाच्या केसाएवढी असते. खरी कसोटी मात्र सरासरी जाडीची नसून सर्वांत पातळ जागेची असते, कारण गंज सरासरी पाहून आत शिरत नाही. ॲल्युमिनियमच्या खिडक्या-दरवाजांसाठी युरोपात रूढ असलेल्या क्वालिकोट या मानकाने हे तत्त्व आकड्यांत बांधले आहे. सर्वसाधारण दर्जाच्या लेपासाठी सरासरी ६० मायक्रॉन हवेच, शिवाय कोणतेही एक मोजमाप त्याच्या ८० टक्क्यांहून, म्हणजे ४८ मायक्रॉनहून कमी असता कामा नये. दिघीसारख्या ठिकाणी, जेथे वर्षातील आठ महिने समुद्रावरून खारा वारा येतो आणि उरलेले चार महिने सगळे ओलेच असते, तेथे ही दुसरी अट अधिक महत्त्वाची.

समान लेप हा केवळ टिकाऊपणाचा प्रश्न नाही, पैशाचाही आहे. पावडरची घनता साधारण दीड धरली तर ७० मायक्रॉन जाडीसाठी चौरस मीटरला सुमारे १०५ ग्रॅम पावडर लागते. पावडरचा प्रवाह वरखाली होत असेल तर कारागीर काय करतो? पातळ जागा राहू नये म्हणून तो एकूणच जास्त मारतो. सरासरी ९० मायक्रॉनवर जाते आणि पावडर १३५ ग्रॅमवर. दिवसाला हजार चौरस मीटर काम करणाऱ्या कारखान्यात हा फरक रोज तीस किलोंचा होतो. हे तीस किलो कोणत्याही वहीत नुकसान म्हणून लिहिले जात नाहीत. ते वस्तूवरच असतात, ग्राहकाला फुकट दिलेले असतात. शिवाय जाड झालेल्या जागी लेपाचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो आणि कोपऱ्यावरून त्याचे टवके निघण्याची शक्यता वाढते, ते वेगळेच.

फ्लिटचा पंप आणि काट्याची फसवणूक

हा प्रवाह वरखाली का होतो? उत्तर पंपाच्या रचनेत आहे. जगातील आणि आपल्याकडील बहुसंख्य कारखान्यांत जो पंप वापरतात त्याला व्हेंच्युरी पंप म्हणतात. डासांवर फवारावयाचा जुना फ्लिटचा पंप ज्यांनी पाहिला असेल त्यांना याचे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. अरुंद छिद्रातून वेगाने हवा सोडली की तिच्या भोवती दाब कमी होतो आणि खालच्या नळीतून पदार्थ वर ओढला जातो. येथे फ्लिटऐवजी हॉपरमध्ये हवेवर तरंगत ठेवलेली पावडर ओढली जाते, पुढच्या निमुळत्या नळीतून जाते आणि रबरी होजमधून गनकडे निघते. पावडरच्या वाटेत एकही हलता भाग नाही. पंप स्वस्त, दोन मिनिटांत उघडून साफ करता येणारा, रंग बदलण्यास सोयीचा. गेली पन्नासहून अधिक वर्षे तो टिकून आहे, तो उगाच नव्हे.

परंतु या पंपात एक मूलभूत उणीव आहे. त्याच्यावरील काटा हवेचा दाब दाखवतो. पावडर किती गेली हे दाखवत नाही. पावडर किती जाईल हे हॉपरमधील पातळी, होजची लांबी, तिला दिलेली वळणे, गन किती उंचीवर आहे, पावडरीत अतिबारीक कण किती आहेत, अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असते. काटा दोन्ही दिवशी तोच आकडा दाखवीत असताना सोमवारी मिनिटाला दोनशे ग्रॅम आणि शनिवारी दीडशे ग्रॅम पावडर जाऊ शकते. कारागिराचा डोळा हेच मोजमापाचे साधन.

त्यातही सर्वांत त्रासदायक भाग झिजेचा. पावडरीतील रंगद्रव्ये आणि भरावाची खनिजे सँडपेपरासारखी असतात. पंपाच्या अरुंद भागात टेफ्लॉनसारख्या प्लास्टिकची एक छोटी नळी बसविलेली असते. तिचे तोंड हळूहळू मोठे होत जाते. तोंड मोठे झाले की ओढ कमी होते, पावडर कमी येते. कारागीर हवा वाढवतो. वेग वाढल्याने झीज आणखी वाढते. गनमधून जोराने आलेली हवा वस्तूवर बसू पाहणारी पावडर उडवूनही लावते. पुन्हा कमी पडते, पुन्हा हवा वाढते. काही कारखान्यांत ही नळी ठरावीक तासांनी बदलतात, बहुतेक ठिकाणी ती तक्रार आल्यावर बदलली जाते. अवघ्या काही शे रुपयांच्या सुट्या भागासाठी हजारोंची पावडर वाया घालविण्याची ही रीत आपल्या लघुउद्योगांत फार जुनी आहे. दोष एकट्या कारागिराचा नाही, कारण झीज दिसावी अशी सोयच पंपात नाही.

संरचनाकारांनी यावर काही उपाय केले आहेत. हवेचे दोन प्रवाह वेगळे केले, एक पावडर ओढणारा व दुसरा ती होजमध्ये तरंगत ठेवणारा. हे वेगळेपण महत्त्वाचे आहे. होजमध्ये हवेचा वेग फार कमी झाला तर पावडर तळाशी साचते, वाळूच्या टेकडीसारखी वाढते आणि मग एकदम सुटते. गन तेव्हा अक्षरशः खोकते. हे टाळण्यासाठी एकूण हवा एका मर्यादेखाली जाऊ देता येत नाही. अकरा मिलिमीटर व्यासाच्या होजमधून तासाला साडेचार घनमीटर हवा धरली तर वेग सेकंदाला सुमारे तेरा मीटर येतो. पावडर कमी हवी असेल तेव्हा ओढणारी हवा कमी करून तरंगवणारी तेवढीच वाढवायची, म्हणजे एकूण बेरीज कायम राहते. आधुनिक नियंत्रकांत ही बेरीज आपोआप सांभाळली जाते. साध्या यंत्रात दोन चाव्या असतात आणि बेरीज कारागिराच्या डोक्यात.

पीठ आणि रवा

पंपाची रचना कितीही सुधारली तरी ज्या पदार्थाशी गाठ आहे तो पदार्थच चमत्कारिक आहे. ब्रॅडफर्ड विद्यापीठातील डेरेक गेल्डार्ट यांनी १९७३ मध्ये हवेवर तरंगण्याच्या गुणानुसार कणांचे चार गट पाडले. आजही या क्षेत्रातील प्रत्येक संरचनाकार त्या वर्गवारीपासून सुरुवात करतो. स्वयंपाकघरातील भाषेत सांगायचे तर रवा सुटा असतो, वाहतो. तांदळाचे बारीक पीठ गोळा धरते, डब्याला चिकटून बसते, बोट घातले तर भोक तसेच राहते. रंगाच्या पावडरचे कण सरासरी ३० ते ५० मायक्रॉनचे, म्हणजे या दोन वृत्तींच्या सीमेवरचे. त्यात दहा मायक्रॉनहून बारीक कणांचे प्रमाण वाढले की पावडर पिठासारखी वागू लागते.

आणि हे प्रमाण वाढविण्याचे काम कारखाना स्वतःच करीत असतो. बूथमध्ये खाली पडलेली पावडर गोळा करून पुन्हा हॉपरमध्ये टाकतात. मोठे कण वस्तूवर चटकन बसतात, बारीक मागे राहतात. पंपातून आणि होजमधून जाताना काही कण फुटतात. प्रत्येक फेरीला हॉपरमधील मिश्रण थोडे अधिक बारीक होते. सकाळी सुरळीत चालणारा पंप संध्याकाळी अडखळतो याचे रहस्य अनेकदा पंपात नसून या फेऱ्यांत असते. ताजी आणि परत आलेली पावडर ठरावीक प्रमाणात मिसळण्याची शिस्त पाळली तर हा त्रास बराच आटोक्यात येतो. वेगवान हवेत घासले गेल्यामुळे कण नळीच्या तोंडाशी वितळून चिकटतात आणि तेथे काचेसारखा टणक थर जमतो, ही आणखी एक अडचण. म्हणून नळीचा पदार्थ निसरडा हवा, परंतु झिजणाराही नको. या दोन गुणांचे सहसा जमत नाही.

रहाटगाडग्याचे तत्त्व

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पर्याय म्हणून दुसऱ्या प्रकारचा पंप पुढे आला. त्याला घन प्रवाहाचा पंप म्हणता येईल. अमेरिकेतील नॉर्डसन, स्वित्झर्लंडमधील गेमा, जर्मनीतील वॅग्नर या कंपन्या असे पंप बनवितात. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांत एकेकाळी रहाट चालत. रहाटाचे प्रत्येक गाडगे ठरावीकच पाणी उचलते. गाडगी जितकी जवळजवळ आणि फेरे जितके एकसारखे, तितकी पन्हळीतील धार अखंड. नव्या पंपाचे तत्त्व हेच आहे.

त्यात सूक्ष्म छिद्रांच्या भिंती असलेल्या दोन छोट्या नळ्या असतात. एका नळीच्या भिंतीतून हवा बाहेर खेचली की आत पोकळी निर्माण होऊन पावडर शिरते. छिद्रे इतकी बारीक की हवा बाहेर जाते, पावडर जात नाही. मग मागची रबरी झडप आवळली जाते, पुढची उघडते आणि त्याच छिद्रांतून उलट हवा सोडून पावडरचा गोळा पुढे ढकलला जातो. तोवर दुसरी नळी भरत असते. दोघींची पाळी आलटून पालटून. पावडर किती गेली हे हवेच्या दाबावर न राहता मुख्यतः मिनिटाला किती आवर्तने झाली यावर ठरते. झडपा वेळच्या वेळी बदलल्या तर पंप सहा महिन्यांनीही पहिल्या दिवसासारखाच देतो. हवा फार कमी लागत असल्याने होज बारीक चालते, गनमधून ढग सावकाश येतो आणि अधिक पावडर वस्तूवर टिकते.

मग सगळ्यांनी हाच पंप का घेऊ नये? पहिले उत्तर किमतीचे. व्हेंच्युरी पंपाच्या कित्येक पट किंमत, शिवाय त्याचे नियंत्रक वेगळे. दुसरे उत्तर असे की, हा पंप उणीव नाहीशी करत नाही, तिची जागा बदलतो. झीज नळीच्या तोंडाकडून रबरी झडपांकडे जाते. या झडपा सेकंदाला अनेकदा उघडझाप करतात, म्हणजे दिवसाला लाखांच्या घरात. त्यांतली एक फाटली की पंप थांबतो, आणि त्या जातीची झडप गावातल्या दुकानात मिळत नाही. शिवाय गाडग्यांप्रमाणेच येथेही धारेला ठोके असतात. दोन नळ्यांच्या पाळ्या नीट जुळल्या नाहीत तर लेपात पट्टे उमटतात.

हे ठोके कधी बाधतात आणि कधी नाही, यातच संरचनेचे खरे कौशल्य आहे. कारखान्यातील साखळी मिनिटाला दोन मीटर वेगाने चालत असेल तर एका सेकंदात वस्तू सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास सरकते, आणि गनचा पंखा वीस-तीस सेंटिमीटर रुंद असतो. सेकंदाच्या आतील चढउतार त्यामुळे एकमेकांत मिसळून जातात, दिसत नाहीत. पाच-दहा सेकंदांचा चढउतार मात्र वस्तूवर स्पष्ट उमटतो. म्हणजे पंप जितका भरभर धडधडेल तितके लेपाला बरे, परंतु झडपांना वाईट. या दोहोंमधली जागा शोधणे हे संशोधनाचे काम आहे, आणि ते परदेशात झाले आहे.

पावसाळ्याची बादली

दिघीत मात्र यांपैकी कोणताही पंप आणला तरी त्याची पहिली लढाई पाण्याशी होईल. पंप हवेवर चालतो, आणि कोकणातील पावसाळी हवा ही अर्धी ओलच असते. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना एका घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम वाफ असते. तासाला शंभर घनमीटर हवा ओढणारा कंप्रेसर म्हणजे तासाला २ किलो ६०० ग्रॅम पाणी आत घेणारे यंत्र. ही हवा सात बारपर्यंत दाबून पुन्हा ३५ अंशांवर आणली तर तिच्यात जेमतेम अर्धा किलो वाफ मावते. उरलेले दोन लिटरांहून अधिक पाणी दर तासाला टाकीत आणि पाइपात उतरते. आठ तासांच्या पाळीत एक मोठी बादली भरते.

टाकीखालचा नळ उघडून ही बादली काढून टाकली तरी उरलेला अर्धा किलो हवेबरोबर पुढे जातोच. तो वाफेच्या रूपात आहे तोवर फारसे बिघडत नाही. परंतु पाइप पावसात भिजून थोडा थंड झाला की आत थेंब धरतो. व्हेंच्युरी पंपात असा एक थेंब पावडरची गुठळी करतो. घन प्रवाहाच्या पंपात तो छिद्रे बुजवतो. म्हणून या पंपांसाठी हवेचा दवबिंदू तीन-चार अंशांपर्यंत खाली आणणारा ड्रायर आवश्यक मानतात. तशा ड्रायरनंतर शंभर घनमीटर हवेत पाऊणशे ग्रॅमच्या आसपासच पाणी उरते. कंप्रेसरमधील तेलाचे कण अडविणाऱ्या गाळण्या वेगळ्या.

भांडवल अपुरे असताना उद्योजक आधी गन घेतो, मग भट्टी, मग कंप्रेसर; ड्रायर बहुधा 'पुढच्या वर्षी' येतो. पुण्याकडील कोरड्या हवेत हे आठ महिने खपून जाते. घाटाखाली खपत नाही. ताम्हिणीमार्गे पुणे-माणगाव-दिघी हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाल्यापासून वरच्या कारखानदारांचा ओढा खाली वाढेल असे बोलले जाते. त्यांनी घाट उतरताना यंत्रे आणावीत, सवयी मात्र वरच ठेवाव्यात.

पुलांच्या सळ्यांचा प्रश्न

कपाटाचा रंग गेला तर कपाट बदलता येते. पावडरचा लेप जेथे डोळ्यांना दिसतही नाही अशी एक जागा आहे. तेथे चूक महाग पडते. रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गाच्या योजनेत आगरदांडा आणि दिघी यांना जोडणारा पूल आहे. आज या दोन काठांमध्ये फेरीबोट चालते. खाडीवरील काँक्रीटच्या कामात लोखंडी सळ्यांना गंजापासून वाचविण्याचे जे मार्ग आहेत, त्यांपैकी एक म्हणजे सळ्यांवर इपॉक्सी पावडरचा लेप. सळई सुमारे २३० अंशांपर्यंत तापवून पावडरच्या झोतातून नेतात. पावडर लागताक्षणी वितळते आणि काही सेकंदांत घट्ट होते. भारतीय मानक १३६२० यात १९९३ पासून या लेपाची जाडी ०.१ ते ०.३ मिलिमीटर अशी सांगितलेली आहे.

येथे पंपाला दुसरी संधी नसते. भट्टीत नंतर वितळून समपातळी होण्याची जी सवलत कपाटाच्या लेपाला मिळते ती सळईला मिळत नाही. समजा सळई मिनिटाला नऊ मीटर वेगाने जात आहे. पंप एक सेकंद अडखळला तर पंधरा सेंटिमीटर लांबी त्या गनच्या वाट्याची पावडर न मिळताच पुढे जाते. अनेक गन असल्याने ती पूर्ण उघडी राहात नाही, पण पातळ राहते. खाऱ्या पाण्याला तेवढी जागा पुरते, कारण लेप असलेल्या लांबलचक सळईवरचा सारा गंज मग त्याच एका जागी एकवटू शकतो.

याचा धडा जगाने फ्लोरिडात घेतला. तेथील समुद्रातील बेटांना जोडणाऱ्या पुलांमध्ये, ज्यांत प्रसिद्ध सेव्हन माइल ब्रिजही होता, इपॉक्सी लेपाच्या सळ्या वापरल्या होत्या. काही वर्षांतच, १९८६ मध्ये, खांबांच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात त्या गंजलेल्या आढळल्या. लेपातील दोष, हाताळताना झालेल्या इजा आणि ओलसर क्षारयुक्त काँक्रीटमध्ये सुटलेली लेपाची पकड अशी कारणे पुढे आली, आणि फ्लोरिडाने पुढे या सळ्यांचा नाद सोडला. सगळे खापर पंपावर फोडता येणार नाही, हे स्पष्ट आहे. किंबहुना एकसारखा लेप देऊनही सळई ट्रकमधून फेकून उतरवली तर पंपाची मेहनत वाया जाते. योगायोग असा की, त्याच वर्षी, जुलै १९८६ मध्ये, गोव्यात मांडवी नदीवरील अवघ्या सोळा वर्षांचा पूल कोसळला. तेथे अशा सळ्यांचा प्रश्न नव्हता, ताणलेल्या पोलादी तारांच्या गंजाचा होता. परंतु कोकणच्या खाडीत पोलाद किती लवकर हार मानते हे त्या पुलाने दाखवून दिले.

लोणेऱ्याचे अंतर

व्हेंच्युरी पंप आपल्या देशात बनतात, चांगलेही बनतात. घन प्रवाहाच्या पंपांचे ज्ञान मात्र मुख्यतः युरोप-अमेरिकेतील मोजक्या कंपन्यांकडे आहे. यात ज्ञानाची फार मोठी दरी आहे असे नाही. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत रंग आणि लेप यांच्या अभ्यासाची दीर्घ परंपरा आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. आणि ज्या माणगाव तालुक्यात दिघी औद्योगिक क्षेत्राचा भाग येतो, त्याच तालुक्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ पासून उभे आहे. यांत्रिकी आणि रासायनिक या दोन्ही शाखा तेथे आहेत. पंपाचा प्रश्न नेमका या दोहोंच्या सीमेवरचा आहे. झिजणारी नळी कोणत्या पदार्थाची करावी, रबरी झडप पावसाळ्यातल्या हवेत किती आवर्तने टिकते, आपल्या पावडरींत बारीक कणांचे प्रमाण फेऱ्यांगणिक कसे वाढते, हे सर्व विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना शोभणारे आणि कारखान्यांना उपयोगी पडणारे विषय आहेत.

केंद्राच्या लघुउद्योग समूह विकास योजनेत सामायिक सुविधा केंद्राला अनुदानाची तरतूद आहे. दिघी क्षेत्रात असे एक केंद्र लेपाच्या तपासणीसाठी असावे, आणि त्यात मिठाच्या फवाऱ्याची चाचणीपेटी, जाडी मोजणारी उपकरणे यांच्याबरोबर पंप तपासण्याचे टेबलही असावे, ही मागणी अवास्तव नाही. रस्ते, वीज, पाणी यांच्या तुलनेत त्याचा खर्च नगण्य आहे. भूखंडांच्या बदल्यात जमीन दिलेल्या घरांतील मुलांना 'रोजगार' म्हणजे पहारेकऱ्याची टोपी मिळणार की हातात काम मिळणार, याचाही निर्णय अशाच केंद्रांवर अवलंबून राहील. पंपाची देखभाल हे दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकलेल्या मुलाला सहज जमणारे काम आहे. आज ते कोणत्याच अभ्यासक्रमाचा मुख्य भाग नाही, ज्याला त्याला उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करूनच शिकावे लागते.

टेबल येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. पंप तपासण्याची सर्वांत खात्रीची पद्धत कोणत्याही शेडमध्ये आजही करता येते. त्यासाठी लागते एक कापडी पिशवी, एक वजनकाटा आणि एक घड्याळ. विद्युतदाब बंद ठेवून गनच्या तोंडाला पिशवी बांधावयाची, एक मिनिट पंप चालवावयाचा, पिशवी तोलावयाची. असे दहा वेळा. दहा वजनांत पाच टक्क्यांहून अधिक तफावत आली तर हॉपर आणि हवा पाहावी. तफावत कमी पण सरासरी मागच्या महिन्यापेक्षा घसरलेली असेल तर नळी बदलण्याची वेळ झाली. हीच चाचणी एकदा डिसेंबरात आणि एकदा जुलैत करून दोन्ही आकडे भिंतीवर शेजारी शेजारी लिहिले, तर ड्रायर या वर्षी घ्यावा की पुढच्या, हे मालकाला कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.